तोफखान्यातले टोस्ट

संजीवनीनं पहिला टोस्ट उचलला तो मधोमध वाकला. वरची स्ट्रॉबेरी घसरली आणि चीज ओढत फरशीवर पडली. तिनं दुसरा उचलला. त्याचंही तेच. तिसऱ्याला तिनं हातच लावला नाही.

दुपारचे तीन वाजले होते आणि पाचला पाहुणे यायचे होते. मी सुभेदार मेजर यशवंतराव जगदाळ्यांच्या स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो, कोटावर तीन पदकं लावून. आणि माझी एकोणीस वर्षांची मुलगी मला दिसू नये म्हणून पाठ फिरवून डोळे पुसत होती.

ही सत्त्याण्णव सालच्या मार्चमधली गोष्ट. आमचं गाव वाईच्या वरच्या अंगाला, डोंगरात. घरटी एक तरी माणूस फौजेत. माझे वडील तात्या दुसऱ्या महायुद्धात इटलीपर्यंत जाऊन आलेले. गावात शिपाई, नाईक, हवालदार खंडीभर झाले, दोन-तीन सुभेदारही झाले, पण ऑफिसर कुणी झाला नव्हता. यशवंतरावांचा मुलगा लेफ्टनंट झाला आणि त्यांनी सगळ्या गावाला जेवण घालायचं ठरवलं. मुलाच्या पलटणीतले साहेब लोक बायकांसह येणार होते. कर्नलसाहेब स्वतः येणार होते.

संध्याकाळच्या मटणाची काळजी नव्हती. ते गावातली माणसं डोळे मिटून करतात. पण साहेब लोक आल्या आल्या त्यांना चहाबरोबर काहीतरी नाजूक, साहेबी थाटाचं द्यायचं, असं मुलानं पत्रातून कळवलं होतं. त्यासाठी साताऱ्याहून एक केटरर बोलावला होता. त्यानं चीजचे डबे आदल्या दिवशीच पाठवले, आणि बाराच्या सुमाराला फोन केला की जीप बंद पडलीय, सातच्या आत काही पोचत नाही.

तेव्हा संजीवनी पुढं होऊन म्हणाली होती, "काका, मी करते. फळांचे आणि चीजचे टोस्ट. सोपे आहेत, माझ्याकडे कृती आहे."

तिच्याकडे एक वही होती. मासिकांतल्या पाककृती कापून ती त्यात चिकटवायची. स्ट्रॉबेरी तर आमच्या रानातच होती, सकाळी तोडलेल्या चार पाट्या यशवंतरावांच्या पडवीत पडून होत्या. यशवंतरावांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि दुसरा इलाज नसल्यामुळे हो म्हणाले. वाईच्या बेकरीतून ब्रेडचे आठ पुडे मागवले.

आता त्यातल्या तीन पुड्यांचा लगदा झाला होता.

तिच्या चुका मला दारातूनच दिसल्या. ब्रेड सकाळचा, ताजा, लुसलुशीत होता. टोस्टला तो चालत नाही. तव्यावर तिनं आच मोठी ठेवली होती, त्यामुळे बाहेरून करपलेला आणि आत ओला. स्ट्रॉबेरी तासभर आधीच चिरून तिच्यावर साखर घातली होती, म्हणून फळांनी सगळं पाणी सोडलं होतं. आणि चीज नुसतं किसून भुरभुरलं होतं. त्याला धरून ठेवणारं काहीच नव्हतं.

माझी बायको इंदू कोपऱ्यात कपबश्या पुसत होती. तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. नुसती बघत राहिली.

मला बाहेर खुर्ची ठेवलेली होती. पहिल्या रांगेत, गावातल्या माजी सैनिकांच्या मधोमध. गावात मला "तोफवाले" म्हणायचे. हणमंतराव शेलार, तोफखाना, बावीस वर्षं नोकरी, एकाहत्तरची लढाई. गावातली बाकी सगळी माणसं पायदळातली. तोफखान्यात मी एकटाच, त्यामुळे तोफांबद्दल मी काय सांगेन ते खरं. कुणी हाक मारली आणि मला ऐकू आली नाही तर लोक एकमेकांना सांगायचे, "तोफेनं कान गेलाय त्यांचा." माझे दोन्ही कान ठणठणीत होते.

मी कोट काढला. पदकांसकट खुंटीला अडकवला. शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि संजीवनीच्या हातातून सुरी घेतली.

"आबा, तुम्ही कशाला?" ती म्हणाली. "राहू द्या. मी यशवंतकाकांना सांगते, जमलं नाही म्हणून."

"किती पुडे राहिलेत?"

"पाच."

"पुष्कळ झाले. टांगलेला चक्का कुठाय?"

"रात्रीच्या श्रीखंडाचा? तो कशाला?"

"दोन वाट्या काढून आण. मिरी आण. मध आहे का बघ. आणि आधी तो गॅस बंद कर."

आता सांगूनच टाकतो. मी आयुष्यात एकदाही तोफ उडवलेली नाही. भरतीला गेलो तेव्हा छाती दोन बोटं कमी भरली. तिथला कारकून भला माणूस होता. म्हणाला, तोफखान्यात लांगऱ्याची जागा आहे, जातोस का? फौजेत स्वयंपाक्याला लांगरी म्हणतात. मी गेलो. तात्यांना पत्रात लिहिलं, तोफखान्यात लागलो. एवढंच लिहिलं, पुढचं लिहिलं नाही. तात्यांनी ते पत्र पारावर वाचून दाखवलं आणि सुट्टीवर येईपर्यंत मी तोफवाला झालो होतो. मग ते निस्तरायचं धाडस कधी झालंच नाही. पदकं मात्र खरी होती. ती तोफ ओढणाऱ्याला मिळतात तशी कढई ओढणाऱ्यालाही मिळतात.

बावीस वर्षांतली चौदा मी ऑफिसर मेसमध्ये काढली. साहेब लोकांच्या पार्ट्यांना ब्रेडवर, बिस्किटावर, काकडीच्या चकतीवर काय काय रचून ताटं पाठवली असतील, त्याची गणती नाही. हे फक्त इंदूला ठाऊक होतं. लग्नानंतर चौथ्या दिवशी ती तापानं पडली तेव्हा मी भाकरी थापली होती. तिनं ती हातात घेऊन दोन्ही बाजूंनी पाहिली आणि विचारलं, "तोफेत भाकरी भाजता का तुम्ही?" त्यानंतर तिनं कधी विषय काढला नाही.

ताज्या ब्रेडचं काय करायचं ते मला माहीत होतं. सिलिगुडीला असताना असं अनेकदा व्हायचं. मी न्हाणीघराचा पत्रा पाहिला. मार्चचं ऊन, पत्रा तव्यासारखा तापलेला. यशवंतरावांचं एक धुतलेलं पांढरं धोतर दोरीवर वाळत होतं. ते पत्र्यावर अंथरलं. ब्रेडच्या कडा कापून टाकल्या, प्रत्येक तुकडा तिरपा कापून दोन त्रिकोण केले आणि धोतरावर ओळीनं मांडले. अर्ध्या तासात वरचं अंग कोरडं होणार होतं.

शेजारच्या आंब्यावर कावळे जमायला लागले.

न्हाणीच्या शेजारी सावलीत तात्या बसले होते. गावातला सगळ्यांत जुना शिपाई म्हणून त्यांना सकाळीच फेटा बांधून आणून बसवलं होतं. एकोणऐंशी वर्षांचे, पण ताठ.

मी म्हणालो, "तात्या, जरा कावळे राखता का?"

"मला कावळं राखाय लावतूस?" तात्या म्हणाले. "इटलीत जर्मनावर पहारा दिलाय म्या."

"मग कावळ्यांचं काय विशेष?"

ते खूश झाले. काठी आडवी घेऊन पत्र्याखाली उभे राहिले. "पोरीला मदत करतूयास व्हय?" त्यांनी विचारलं. मी "हो" म्हणून आत पळालो.

आत संजीवनी चक्का घेऊन उभी होती. मी तिला चीज किसायला सांगितलं, अगदी बारीक. ते चक्क्यात घालून दुधाच्या सायीसारखं होईपर्यंत हातानं फेटलं. मीठ चिमूटभर, मिरी दगडावर भरडलेली.

"चाख."

तिनं बोट लावून चाखलं. तिचा चेहरा बदलला.

"आता हे ब्रेडवर लावलं की बसतं. घसरत नाही. आणि ब्रेड आणि फळ यांच्यामध्ये हे असलं की फळाचं पाणी खाली उतरत नाही. समजलं?"

"म्हणजे भिंतीला गिलावा करतात तसं."

"तसंच."

साखर घातलेल्या स्ट्रॉबेरीचा रस मी गाळून घेतला. गाळलेल्या रसात थोडा मध घालून बारीक गॅसवर आटवायला ठेवला. नव्या स्ट्रॉबेरी घेतल्या, देठाकडून सुरी घातली आणि एकेका फळाच्या पाच-पाच चकत्या करत गेलो. बघायची गरज नव्हती, बोटांना माहीत होतं. चकत्या स्वच्छ फडक्यावर पसरल्या, वरून दुसरं फडकं दाबलं.

संजीवनी माझ्या हातांकडे बघत होती.

"आबा, हे तुम्ही कुठं शिकलात?"

"नंतर सांगतो. पुदिना खुड. अगदी कोवळी पानं. नखाएवढी."

ती पुदिना खुडायला बसली. थोड्या वेळानं म्हणाली, "आठ दिवसांपूर्वी तुम्ही मला काय म्हणालात, आठवतं?"

मला आठवत होतं. पुण्याला हॉटेलच्या शिक्षणाचा तीन वर्षांचा कोर्स होता. तिनं फॉर्म मागवला होता, भरलाही होता, फक्त माझी सही राहिली होती. सोमवार शेवटची तारीख. मी फॉर्म वाचला आणि परत तिच्या हातात दिला.

"तुम्ही म्हणालात," संजीवनी खाली बघतच बोलत होती, "की शेलारांच्या घरातलं कुणी दुसऱ्याची उष्टी ताटं उचलायला जात नाही. आज मी हे काम का अंगावर घेतलं, माहितीय? आईला म्हटलं होतं, आज चांगलं झालं आणि चार मोठ्या माणसांनी नाव काढलं, तर कदाचित आबा सही करतील."

माझी सुरी थांबली.

मी बावीस वर्षं ताटं उचलली होती. त्याच हातांनी पैसे धाडले, घर बांधलं, हिला शिकवलं. आणि त्या कामाला माझ्याच तोंडानं उष्टी ताटं म्हणालो होतो. आठ दिवसांपूर्वी ते वाक्य बोलताना मला स्वतःचा अभिमान वाटला होता, हे मला आता आठवलं.

इंदू कपबश्या पुसायची थांबली होती. संजीवनी वाट बघत होती. मी बोलायला तोंड उघडणार तेवढ्यात यशवंतराव आत आले, नव्या कोऱ्या कोटात, घामाघूम.

"हणमंतराव! तुम्ही इथं? साहेबांच्या गाड्या पसरणीच्या घाटाखाली दिसल्या म्हणे. चला, चला. तुमची खुर्ची कर्नलसाहेबांच्या शेजारी ठेवलीय."

"मी इथंच बरा आहे. काम अर्धं झालंय."

"अहो, हे काय बोलणं झालं? बायकामाणसं करतील. लोक काय म्हणतील, तोफवाले शेलार चुलीपाशी?"

"सुभेदारसाहेब," मी म्हणालो, "मी तोफवाला नाही. कधी नव्हतो. मी लांगरी होतो. तोफखान्याचाच, पण लांगरी. आठ वर्षं जवानांच्या लंगरात आणि चौदा वर्षं ऑफिसर मेसमध्ये. आज तुमच्या दारात येणाऱ्या साहेब लोकांना काय आवडतं, ते या गावात माझ्याइतकं कुणाला माहीत नाही. मला अर्धा तास द्या. तुमची मान खाली जाणार नाही."

इतकी वर्षं हे बोलायची मी भीती बाळगली होती. प्रत्यक्षात बोलायला एवढाच वेळ लागला. आवाज कापला नाही. हातात सुरी होती, समोर काम होतं आणि काम मला येत होतं.

यशवंतराव माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांची नजर माझ्या खांद्यावरून मागच्या दाराकडे गेली.

दारात तात्या उभे होते. धोतराची झोळी करून, त्यात ब्रेडचे सगळे त्रिकोण घेऊन ते स्वतः आले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते पुढं आले, झोळी ओट्यावर अलगद ठेवली. एक तुकडाही मोडला नव्हता. माझ्याकडे न बघता वळले आणि बाहेर गेले.

मला त्यांच्या मागं जायचं होतं. इंदू म्हणाली, "आधी हे. ते कुठं जात नाहीत."

मी गेलो नाही. दोन तवे चढवले, बारीक आच, प्रत्येकावर लोणी. त्रिकोण आता वरून कोरडे झाले होते. तव्यावर टाकल्यावर ते फुसफुसले नाहीत, कुरकुरीत वाजले. एका बाजूनं बदामी झाले की उलटायचे, दुसऱ्या बाजूला अर्धाच वेळ. संजीवनीला मी दुसरा तवा दिला. पहिले चार तिनं जास्त भाजले. पाचव्यापासून तिला आवाजावरून कळायला लागलं. मी काही सांगितलं नव्हतं. हे सांगून येत नाही.

"आता लावायचं?" तिनं विचारलं.

"नाही. गाड्यांची दारं लागल्याचा आवाज आला की लावायचं. त्याआधी नाही. साहेब लोक उतरणार, हात मिळवणार, फेटे बांधून घेणार. तेवढी दहा मिनिटं आपली."

यशवंतराव अजून तिथंच होते. काय करावं त्यांना सुचत नव्हतं. मग त्यांनी कोट काढून बाजूला ठेवला आणि म्हणाले, "मी काय धरू?"

"ताटं धरा," मी म्हणालो.

गाड्यांची दारं लागली. आम्ही चौघं ओट्याभोवती उभे राहिलो. मी चक्का-चीज लावत गेलो, सुरीच्या एकाच फटकाऱ्यात एक. इंदू स्ट्रॉबेरीच्या तीन-तीन चकत्या मांडत गेली. संजीवनीनं वर आटवलेल्या रसाचा एकेक थेंब सोडला आणि पुदिन्याचं पान ठेवलं. मी शेवटी प्रत्येकावर मिरी भुरभुरली. सव्वाशे टोस्ट, पाच ताटं. तांबडे, पांढरे, हिरवे. यशवंतराव पहिलं ताट घेऊन स्वतः बाहेर गेले आणि जाताना दारात अडखळले म्हणून मी श्वास रोखला. पण ताट सुखरूप होतं.

दहा मिनिटांनी ते रिकामं ताट घेऊन परत आले. म्हणाले, "कर्नलसाहेबांच्या मेमसाहेब विचारतायत, कुणी केलं म्हणून. बाहेर बोलावलंय."

"जा," मी संजीवनीला म्हणालो.

"तुम्ही?"

"तू जा. तू अंगावर घेतलेलं काम आहे."

ती ओढणीला हात पुसत बाहेर गेली. मी दारातून बघत होतो. मांडवाखाली सगळं गाव बसलं होतं. पहिल्या रांगेतली माझी खुर्ची रिकामी होती. तिच्या शेजारी तात्या, काठीवर दोन्ही हात ठेवून. मेमसाहेब गोऱ्या, उंच, पंजाबी असाव्यात. त्यांनी हिंदीत विचारलं, तूने बनाया? कुठं शिकलीस?

संजीवनीनं एकदा मागं वळून माझ्याकडे पाहिलं. मग सरळ उभी राहून, सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मैंने और मेरे पिताजी ने. वो तोफखाने के ऑफिसर मेस में लांगरी थे."

मांडव गप्प झाला. आमच्या गावातल्या चारशे माणसांना एकदम गप्प झालेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. माझ्या बरोबरीचा बाबूराव नाईक वळून स्वयंपाकघराकडे बघायला लागला. कुणीतरी हसलं. कर्नलसाहेबांनी आणखी एक टोस्ट उचलला आणि म्हणाले, "तोफखान्याच्या मेसचं नाव आहे. बोलवा त्यांना." मी बाहेर गेलो. त्यांनी हात मिळवला. माझ्या हाताला चीज लागलेलं होतं, ते त्यांच्या हाताला लागलं. त्यांनी रुमाल काढला नाही.

मी तात्यांकडे पाहिलं. आता त्यांचीही खुर्ची रिकामी होती.

ते घरी एकटेच चालत गेले होते. मी पोचलो तेव्हा सूर्य डोंगराला टेकला होता. ते अंगणातल्या बाजेवर बसले होते, फेटा काढून मांडीवर घेऊन. मी समोर जमिनीवर बसलो.

"म्हंजी तोफ उडिवलीच न्हाईस?" त्यांनी विचारलं.

"नाही, तात्या. पुसलीसुद्धा नाही."

"आन एकाहत्तरात?"

"एकाहत्तरात तोफांच्या मागं होतो. चर खणून चुली मांडल्या होत्या. दोन वेळचं घेऊन पुढं जायचो, तोफांपर्यंत."

"गोळं पडायचं?"

"पडायचे."

"डबा सांडला कवा?"

"एकदा. डाळीचा. जवळच पडला गोळा."

"मग?"

"मागं गेलो. पुन्हा डाळ शिजवली. पुन्हा नेली."

तात्या फेट्याचं कापड बोटांनी चाचपत राहिले.

"इटलीत आमचा लांगरी हुता," ते म्हणाले. "भिकू. आडनाव ठावं न्हाई, कोकणातला हुता. आमी त्येला लई चिडवायचू. म्या बी चिडवायचू. बंदूक धरून दाव म्हणायचू. एकदा नदीच्या पल्याड आमी तीन दीस अडाकलू. खायाला काय न्हाई. तिसऱ्या दिवशी त्यो पाण्यातनं आला, डोक्यावर गाठोडं घिऊन. चपात्या हुत्या. त्येच्या खांद्यातनं रगत येत हुतं. आमी आधी चपात्या घेतल्या आन मग रगत बघितलं."

ते थांबले. माझ्याकडे पहिल्यांदाच पाहिलं.

"आमच्या सायबाचं नाव इसरलू मी. भिकूचं न्हाई इसरलू. पन तुला कवा सांगितलं न्हाई. सांगितलं असतं तर तू खोटं बोलला नसतास. व्हय का?"

मी फेट्याचं लोंबणारं टोक उचलून बाजेवर ठेवलं.

"खोटं बोललास त्येचा राग हाय मला," तात्या म्हणाले. "लई राग हाय. उद्या पारावर लोक इचारतील, मी काय सांगू? तीस वरसं तुझ्या तोफा सांगत बसलू मी."

ते उठून आत गेले. रात्री जेवले नाहीत. मीही जेवलो नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी मी संजीवनीला फॉर्म आणायला सांगितलं. ती धावत गेली आणि पेन विसरून आली, परत धावत गेली. ओसरीवर बसून मी सही केली. तिनं फॉर्म तपासला आणि एका ओळीपाशी थांबली.

"आबा, इथं आधी मी 'तोफखान्यातील गनर' लिहिलंय. वडिलांचा व्यवसाय. ते खोडावं लागेल. आता काय लिहू?"

मी विचार करत होतो. निवृत्त सैनिक लिहिता आलं असतं, शेतकरी लिहिता आलं असतं. दोन्ही खरं होतं.

तात्या पारावर निघाले होते. पायात वहाणा घालत होते. तिथूनच त्यांनी विचारलं, "काय अडलंय?"

संजीवनीनं सांगितलं.

"लांगरी लिव," तात्या म्हणाले.

ती लिहायला लागली. तात्यांनी दुसरी वहाण घातली, काठी घेतली, दोन पायऱ्या उतरले आणि पुन्हा मागं वळले.

"नुसतं लांगरी नगं," ते म्हणाले. "फुडं फौजेतला, असं लिव. आन ठळक लिव. मी बी आता तिकडं जाऊन त्येच सांगनार हाय."